चारची गोळी

१

दुपारची भांडी पालथी पडली की सविता पोतं ओढून दाराशी बसायची. पोत्यात रबराचे वॉशर असत. नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्याचा टेम्पो सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत चार-पाच घरांपुढे अशी पोती टाकून जायचा आणि बायका कात्रीने वॉशरच्या कडेचं फाजील रबर कापून द्यायच्या. सविता कामाला वाघ. नजर रस्त्यावर, तोंड शेजारच्या बयाबाईशी गप्पांत आणि हात आपले चालू. पण चार वाजले की कात्री खाली ठेवावी लागायची, कारण चारला सासूची गोळी असायची.

सासू म्हणजे भागीबाई. तिचा सगळा जन्म कळवणकडच्या खेड्यात गेला होता, आणि म्हातारा गेल्यावर मुलगा किशोर तिला नाशकात घेऊन आला होता. शेतात विळ्याने साप मारलेली बाई ती. पण दोन खोल्यांच्या घरात आली आणि एका दुपारी काही कारण नसताना घाबरी झाली. छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. "दार उघडं ठेव. मला भायेर ने. जीव चालला माझा," म्हणत तिने सविताचा पदर मुठीत धरला. दवाखान्यात ईसीजी काढला, त्यात काही निघालं नाही. मग हे रोजचंच झालं, बहुतेक चारच्या सुमाराला. शेवटी किशोरने तिला कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते मनाच्या आजाराचे डॉक्टर होते. त्यांनी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली, रोज दुपारी चारला एक, आणि बजावलं की आपल्या मनाने ती बंद करायची नाही, वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही.

गल्लीत मात्र ती बीपीची गोळी झाली. सासूला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं असं कोणी सांगत बसतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. गोळी सुरू झाली आणि आठवड्यात म्हातारी माणसात आली. कॉटवर मांडी घालून अडकित्त्याने सुपारी कातरत ती नातीला, आठवीतल्या तृप्तीला, त्या सापाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची.

२

सविताला काय झालं होतं ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. घरात तसं वाईट काही नव्हतं. पण वॉशर कापता कापता मधेच हात थांबायचे, स्वतःच्याच काळजाचे ठोके कानात वाजायला लागायचे आणि वाटायचं, काहीतरी राहिलंय, गॅस चालू राहिलाय, तृप्ती रस्त्यात राहिलीये. उठून बघावं तर सगळं जागच्या जागी. हे कोणाला सांगणार? एका घरात एक घाबरट पुरे होतं.

एकदा तिने सासूचा चेहरा बघितला. गोळी घेऊन वीस मिनिटं झाली होती आणि भागीबाई भिंतीला टेकून रस्त्याकडे अशी बघत होती की जगात तिला कशाचीच घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी चारला सविताने कात्रीने गोळी मधोमध कापली. अर्धी सासूच्या तळहातावर ठेवली, अर्धी आपल्या जिभेवर. थोड्या वेळाने शेजारचा रेडिओ कोणी बंद करावा तसं झालं. इतका वेळ आवाज चालू होता हे तिला आवाज थांबल्यावर कळलं.

सात महिने असे गेले. भागीबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती न बघता हात पुढे करायची, तळहातावर जे पडेल ते तोंडात टाकायची आणि पाणी प्यायची. अर्धी की अख्खी हे तिला कळत नाही, असं सविता धरून चालली होती.

म्हातारीचं घाबरणं परत आलं. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. किशोर म्हणाला, "गोळी लागू पडत नाही की काय? डॉक्टरांना एकदा दाखवू."

"वय झालं आता त्यांचं," सविता म्हणाली. "होतं असं."

आषाढातल्या एका मंगळवारी पाच वाजायला वीस मिनिटं असताना भागीबाई गेली. दार उघडंच होतं, तरी ती दार उघड म्हणत होती. सविताचा पदर तिच्या मुठीत होता. डॉक्टर आले, त्यांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. सविताने सासूची बोटं एकेक करून सोडवली आणि पदर नीट केला. तिला रडू आलं नाही. भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. त्या दिवशीची अर्धी गोळी पोटात गेलेली होती. आलेल्या बायका म्हणाल्या, "सून मोठी खंबीर आहे हो."

३

दहाव्याला रामकुंडावर गर्दी होती, ती तिथे रोजच असते. गुरुजींनी पिंड मांडला. वर दही, बाजूला भाकरीचा तुकडा आणि म्हातारीच्या आवडीचं सुपारीचं खांड. मंडळी मागे सरली. पलीकडच्या पत्र्यावर सात-आठ कावळे ओळीने बसले होते. शेजारच्या कुटुंबाचा पिंड त्यांनी बघता बघता उचलला. इकडे एकही फिरकेना.

किशोरने हात जोडले. "आई, तृप्तीला शिकवीन. तिला पाहिजे तेवढं शिकवीन."

कावळे जागचे हलले नाहीत. किशोरचा चुलता मल्हारीतात्या गावाहून आला होता. तो पुढे झाला. "वहिनी, तुझी गाय मी इकनार नाय. बांधावरच्या आंब्याला कोनाला हात लावू देनार नाय. जेव आता."

दीड तास झाला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला दर्भ हातात घेतले. तात्या कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "लय येळ झाला. कशात जीव आडकलाय हिचा? सूनबाई, तू बोल. तुझ्याच हातचं खायची ती."

सविता पुढे आली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमची गोळी मी चुकवणार नाही. रोज चारला देत जाईन."

ओळीतला शेवटचा कावळा खाली उतरला. चालतच पिंडापर्यंत आला, भाकरीला शिवला नाही, सुपारीला शिवला नाही, भाताचा एक घास घेतला आणि उडाला.

सगळ्यांनी श्वास सोडला. किशोरला हुंदका आला. तात्या डोळे पुसत हसला. "घ्या! बीपीच्या गोळीत जीव व्हता म्हातारीचा!" मंडळीही हसली. सविताच्या मनात त्या घडीला एवढंच आलं की साडेअकरा झालेत, आणि आपल्या अर्ध्या गोळीला अजून साडेचार तास आहेत.

४

शब्द दिला तो दिला. भागीबाईचा फोटो तिच्या कॉटच्या वर भिंतीला लागला. खाली स्टुलावर सविताने एक स्टीलची वाटी ठेवली. रोज चारला ती पाकिटातून गोळी काढायची आणि कात्रीने कापायची. अर्धी वाटीत, अर्धी आपल्या तोंडात.

खरं तर अख्खी ठेवायला हवी होती. रामकुंडावर अर्धी देईन असं काही ती म्हणाली नव्हती. पण हाताला सवय अर्धीची, आणि मेलेल्या माणसाला कोण मोजून दाखवणार?

दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी होती. सविताला वाटलं, उंदीर असेल. तिसऱ्या दिवशीही रिकामी, चौथ्याही. तिने स्टुलाभोवती फरशीवर बाजरीचं पीठ भुरभुरवलं. पीठ जसंच्या तसं राहिलं, वाटीतलं गेलं. मग तिच्या लक्षात आलं की कॉटवर बसलेल्या माणसाचा हात वाटीपर्यंत सहज पोचतो. कॉटवर आता कोणी बसत नव्हतं. तृप्ती दुपारी तिथे पुस्तक घेऊन लोळायची, तेवढंच.

दुसरं कोणी असतं तर त्याच्या अंगावर काटा आला असता. सविताने फडक्याने पीठ पुसून घेतलं आणि चहा ठेवला. भीतीला आत यायला जागाच नव्हती. भीती कशी असते हेही ती विसरत चालली होती. लहानपणी झालेल्या गोवरासारखं, झाला होता एवढं आठवतं, कसं वाटलं होतं ते आठवत नाही.

पाकीट संपलं की ती भागीबाईच्या नावाची जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जायची. दुकानदार चिठ्ठी न वाचता मागे वळून फळीवरून पाकीट काढायचा.

"आजी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"झोप लागते ना त्यांना?"

"लागते."

आपण खोटं बोलतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. घरी आल्यावर दारातून ती कॉटकडे बघायची. चादरीला मधोमध खोलगा पडलेला असायचा, बसल्या माणसाच्या बुडाएवढा. ती चादर ताणायची. दुसऱ्या दिवशी खोलगा तिथेच.

५

दिवाळीनंतर मालेगावला किशोरच्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता. तृप्तीची परीक्षा होती म्हणून ती घरीच राहिली. दोघं सकाळच्या एसटीने गेली, दुपारपर्यंत परत येणार होती. पण चांदवडजवळ ट्रक उलटला होता आणि रस्ता तीन तास तुंबला. सविताची आपली अर्धी गोळी पिशवीत होती, ती तिने गाडीतच घेतली. वाटीतली राहिली.

सहाला ती गल्लीत शिरली तेव्हा बयाबाई तृप्तीला पायरीवर घेऊन बसली होती आणि पदराने वारा घालत होती. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, हात बर्फासारखे. तिने आईला बघितलं आणि झडप घालून तिचा पदर मुठीत धरला.

"आई, दार उघडं ठेव. मला भायेर ने. जीव चालला माझा."

तृप्ती नाशकात जन्मलेली, मराठी शाळेत बाईंची लाडकी. ती कधी भायेर म्हणत नसे.

"चारपास्नं असंच चाललंय," बयाबाई म्हणाली. "मी म्हनलं, उनाचं झालं आसंल. पानी पाजलं तरी उतरंना बघा."

किशोर रिक्षा आणायला धावला. सविता आत गेली. तिने गोळी कापली, अर्धी वाटीत टाकली आणि फोटोकडे बघून म्हणाली, "उशीर झाला, आत्याबाई. रस्ता बंद होता." तेवढ्यात तृप्ती भिंत धरत धरत आत आली, पाणी पिते म्हणाली. सविता बाहेर आली. रिक्षा दारात लागेपर्यंत पोरगी केस विंचरून पायरीवर उभी होती. तिला काहीच झालं नव्हतं.

"परीक्षेचा ताण," किशोर म्हणाला. "या मुली मनाला फार लावून घेतात."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असंही असेल. सविताने तसं म्हणून बघितलं. पण त्यानंतर तिने वाटी एकदाही चुकवली नाही.

६

जानेवारीत ती तृप्तीला घेऊन त्रिमूर्ती चौकात भाजीला गेली होती. मागून एक मोटरसायकल भरधाव आली. लोक ओरडले. सविता बाजूला झाली, तृप्ती झाली नाही. मोटरसायकल तिच्या कोपराला घासून गेली आणि पुढे जाऊन आडवी पडली. तृप्ती उभी होती. कोपरातून रक्त येत होतं, आणि ती हातातल्या मेथीच्या जुडीकडे बघत होती.

"अगं, दिसली नाही का तुला?"

"दिसली ना."

"मग सरकली का नाहीस?"

तृप्तीने थोडा विचार केला. "काही वाटलं नाही," ती म्हणाली.

सविताने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी वेणी घालताना आरशात तो तिला दिसायचा. आजीवर एवढा जीव, पण ती गेली तेव्हा पोरगी रडली होती का? सविताला आठवेना, कारण तेव्हा तिने बघितलंच नव्हतं. आज मोटरसायकल होती. उद्या ट्रक असेल, परवा विहीर, आणि पोरीला काही वाटणार नाही. आपण हिला गमावणार, हे सविताला अगदी स्वच्छ कळलं. कळलं एवढंच. काळजात काही हललं नाही, आणि हलत नाही याचंच तिला आत कुठेतरी लांबून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेज रोडला गेली. दवाखान्याचा जिना चढली. कंपाउंडरने वही ओढली. "पेशंटचं नाव?"

"भागीबाई."

"पेशंटला आणायला लागेल, ताई. बरेच महिने आल्या नाहीत त्या."

"आणते," असं म्हणून ती खाली उतरली.

त्या दुपारी तिने तृप्तीला कोपराला मलम लावता लावता विचारलं, "वाटीतली गोळी तू खातेस का गं? खरं सांग. मी रागावणार नाही."

खातेस म्हणाली असती तर बरं झालं असतं. पोराने खाऊ नये ते खाल्लं, चार दिवस ओरडा, डॉक्टर, आणि मिटलं. सगळं उजेडात आलं असतं. उंदीर नाही, कावळा नाही, नवस नाही.

"मी नाही घेत," तृप्ती म्हणाली. "आजी देते."

"कोण आजी?"

"आपली आजी. तू अर्धी ठेवतेस ना, ती अडकित्त्याने तिची अर्धी करते. एक तुकडा ती खाते, एक मला देते." तिने कोपर वळवून मलम नीट लागलं का ते बघितलं. "हे तुझ्या आईकडून शिकले, म्हणते."

"म्हणजे माझ्याकडून?"

"हो. तुझ्याकडून."

अडकित्ता घरात नव्हताच. तेराव्यालाच तो मल्हारीतात्याबरोबर गावाला गेला होता.

७

वाटीशी काय होतं ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं, असं सविताने ठरवलं. पण नुसतं बघून उपयोग नव्हता. ट्रक आलेला दिसतो आणि पाय हलत नाहीत, अशी ती झाली होती. हलायचं तर आधी भ्यायला हवं होतं. म्हणून तिने आपली अर्धी बंद केली. डॉक्टरांनी बजावलेलं आठवत असूनही केली. वाटीतली मात्र ठेवत राहिली.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी हाताला घाम सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी किशोरचा डबा भरताना झाकण पडलं आणि त्या आवाजाने ती दोन पावलं मागे उडाली. रंग जास्त गडद झाले होते. नळाचं पाणी कानाला टोचत होतं. मंगळवार आठवला. तो आजवर तिला नुसता माहीत होता, आता आठवला. मुठीतला पदर, नखं, आणि सासूचं वर बघणारं तोंड. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि मोठ्याने रडली.

किशोर दुसऱ्या पाळीला गेला. चारला तिने अर्धी गोळी वाटीत टाकली, पोतं स्वयंपाकघरात ओढलं आणि पडद्याआड बसली. बाहेरच्या खोलीत ऊन होतं. तृप्ती कॉटच्या कडेला भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पानं उलटत होती. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

सविता वॉशर कापत राहिली, आपण कामात आहोत असं वाटावं म्हणून. कोणाला वाटावं म्हणून, ते मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

कॉटची जाळी करकरली. तृप्ती हलली नव्हती.

मग बांगडी वाटीला लागल्याचा आवाज झाला. तृप्तीच्या हातात बांगड्या नव्हत्या. मग थोडा वेळ काही नाही. सविताने श्वास धरून ठेवला होता, आणि तरी पडद्यापलीकडे श्वास ऐकू येत होता, तोकडा, छातीच्या वरच्या वर घेतलेला.

कट.

अडकित्त्याचा आवाज तिने सासू होती तोवर रोज ऐकला होता. तो ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं.

तिने दोन बोटांनी पडदा सारला. तृप्ती डोळे मिटून, तोंड उघडून, जीभ बाहेर काढून बसली होती, देवळात तीर्थ घेताना बसावी तशी शांत. आणि तिच्या हनुवटीखाली एक मनगट होतं. सुरकुतलेलं, त्यावर हिरवं गोंदण, तुळशीचं. मनगटाच्या मागे कोण होतं ते पडद्याच्या कडेआड गेलं होतं. पडदा आणखी चार बोटं सारला असता तर दिसलं असतं.

सविताने सारला नाही. तिने डोळे मिटले आणि त्या खोलीत उडी घेतली.

८

हाताला लागलं ते तिने धरलं. तृप्तीचा दंड होता. वॉशरचं पोतं लवंडलं, वॉशर घरभर झाले. पोरीला ओढत ती उंबरा ओलांडून पायरीवर आली, तिच्या तोंडात बोट घातलं आणि जिभेवरचा पांढरा कण पुसून काढला. तो तिच्या बोटावर राहिला, तिळाएवढा. तिने तो रस्त्यावर झटकला.

क्षणभर तृप्ती नुसती बघत राहिली. मग तिचे ओठ पांढरे पडले, छाती भात्यासारखी हलायला लागली आणि ती परत घरात जायला धडपडू लागली.

"सोड मला! आई, मरेन मी! आजीकडे जाऊ दे!"

"नाही मरत," सविता म्हणाली. तिने पोरीला मांडीवर दाबून धरलं. तिची स्वतःची छातीही तशीच उडत होती, दात वाजत होते. "मी पण घाबरलेय. बघ माझा हात. खूप घाबरलेय मी. आपण दोघी बसू इथे. हे उतरतं. मग रिक्षाने डॉक्टरांकडे जाऊ आपण, मी सगळं सांगेन त्यांना. आज सांगेन."

बयाबाई धावत आली. "पुन्हा तसंच? अगं, म्हातारीची बीपीची गोळी आसंल की घरात! अर्धी दे पोरीला, लगीच उतरंल. कुठंय, मी आनते."

"आत जाऊ नका!" सविता ओरडली. गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या. "ती बीपीची नाही. कधीच नव्हती. आत्याबाईंना मनाचा आजार होता, त्याची होती. त्यांना अख्खी लिहून दिली होती आणि मी अर्धीच दिली. सात महिने. त्यांची अर्धी मी खाल्ली."

बयाबाईने तोंडाला पदर लावला. सविताचे गाल ओले झाले होते, आणि इतक्या महिन्यांनी तिला हलकं वाटलं. बोलून टाकलं. आता काय व्हायचं ते होवो, किशोर काय म्हणेल ते म्हणो. पोरगी वाचली म्हणजे झालं.

तिने उघड्या दाराकडे तोंड केलं. आत ऊन होतं, कॉट होती, फरशीभर वॉशर होते. "आत्याबाई, ऐकलंत ना?" ती म्हणाली. "तुमची अर्धी मी खाल्ली. मला माफ करा. पोरीला सोडा."

मांडीवर तृप्तीची धडपड थांबली. श्वास एकदम संथ झाला. मूठ मात्र सुटली नाही, ती सविताच्या पदरात घट्ट होती.

"ठावं हाय मला," कोणीतरी म्हणालं. आवाज घरातून आला की मांडीवरून, ते सविताला कळलं नाही. "पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय. जिभंला कळतं की, बाई. म्हून तर तवापास्नंच माझ्यातली अर्धी पोरीला देत व्हते."

बयाबाईने विचारलं, "काय म्हनली गं ती?"

सात महिने आणि वर हे सहा, तेरा महिने पोरीच्या पोटात गोळी जात होती, असा सविताने हिशेब केला, आणि तिची बोटं पदरातून एकेक करून सोडवायला लागली. ती सुटत नव्हती.